मेलमध्ये हरवलेला रिपोर्ट

इथे मी सहसा बीपी, मधुमेह, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर लिहिते. आज लिहिणार आहे ई-मेलवर. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना हे काय सुचलं? पण कामाच्या ठिकाणी साचत जाणाऱ्या मेलमुळे माझा एक पेशंट जिवावरच्या प्रसंगातून गेला आणि त्यात चूक माझी होती. त्यांची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसंच सांगते.

काका ६३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. लहानपणी त्यांना ऱ्हुमॅटिक फीव्हर येऊन गेलेला, त्यात हृदयाची एक झडप अरुंद झाली. पुढे हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले. अशा हृदयात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून काका कित्येक वर्षं वॉर्फरिन नावाची, रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. ‘पातळ’ हा आपला बोलण्यातला शब्द. खरं तर रक्त पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो.

ही गोळी घेणाऱ्यांना आयएनआर नावाची रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. काकांचा आम्ही २ ते ३ च्या दरम्यान ठेवतो. २ च्या खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. अगदी तारेवरची कसरत. दुसरं एखादं औषध सुरू झालं किंवा खाण्यापिण्यात अचानक मोठा बदल झाला तरी तोल जातो.

त्या आठवड्यात काकांची दाढ सुजली. घराजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं. आपण वॉर्फरिन घेतो हे काकांनी त्यांना सांगितलं नाही. दाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. संबंध असा, की मेट्रोनिडाझोल चालू असताना वॉर्फरिनचा शरीरातून निचरा नीट होत नाही, त्याचा असर वाढत जातो. योगायोगानं त्याच शनिवारी काकांची महिन्याची तपासणी होती. सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी लॅबचा मेल माझ्याकडे आला. आयएनआर ७.४.

तो मेल मी उघडला रविवारी रात्री पावणेदहाला.

मधल्या वेळात काय झालं ते सांगते. शनिवारी संध्याकाळी ओपीडी भरलेली होती, नऊ वाजता शेवटचा पेशंट गेला. घरी आल्यावर जेवता जेवता मी मेलची यादी अंगठ्यानं वर सरकवली. त्या दिवशी लॅबचे अकरा मेल होते आणि सगळ्यांचा विषय एकच, ‘आपला रिपोर्ट सोबत जोडला आहे’. वरचे दोन उघडले, नॉर्मल निघाले. बाकीचे उद्या निवांत बघू म्हटलं. रविवारी नात्यातल्या लग्नाला साताऱ्याला गेले, आणि निवांत वेळ काही आला नाही.

काका रोज रात्री आठ वाजता गोळी घेतात. शनिवारी रात्री त्यांनी घेतली. रविवारी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, ते दाढेचं असेल म्हणून सोडून दिलं. दुपारी हातावर निळे डाग दिसले. रात्री आठला पुन्हा गोळी घेतली. नऊला नाकातून रक्त सुरू झालं.

साडेनऊच्या सुमारास त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. “मॅडम, बाबांच्या नाकातून अर्धा तास रक्त येतंय, थांबत नाहीये.” मी विचारलं, “आयएनआर कधी केला होता?” त्या म्हणाल्या, “कालच की. रिपोर्ट तुम्हाला मेल केलाय म्हणाले लॅबवाले.” काकांना पुढे झुकवून बसवा, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबून धरा आणि लगेच हॉस्पिटलला निघा, असं सांगून मी फोन ठेवला आणि मेल उघडला. न वाचलेले १४३ मेल होते. काकांचा रिपोर्ट एका बँकेची जाहिरात आणि एका परिषदेचं निमंत्रण यांच्या मधोमध होता.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासला तेव्हा आयएनआर ९ च्या वर गेला होता. नाकात पॅक घातला, व्हिटॅमिन के दिलं, प्लाझ्मा दिला. मेंदूत रक्तस्राव झालेला नव्हता हे त्यांचं नशीब आणि माझंही. पाचव्या दिवशी काका घरी गेले. निघताना ते म्हणाले ते मी विसरू शकत नाही. “मॅडम, तुमचा फोन आला नाही, तेव्हा मी म्हटलं, नॉर्मलच असणार.”

इतका वाढलेला आकडा लॅबनं फोन करून कळवायला हवा होता, हे खरं. चांगल्या लॅबमध्ये तसा नियम असतो. रिपोर्टची एक प्रत काकांच्या बंगळूरमधल्या मुलाच्या मेलवरही गेली होती. त्यानं आकडा शनिवारीच पाहिला, पण डॉक्टरांनाही तो गेलाय हे बघून तो निर्धास्त झाला. सगळ्यांकडे प्रत गेलेली आणि प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. बारभाई कारभार म्हणतात तो हाच. पण हे सगळं मान्य करूनही रिपोर्ट साडेसत्तावीस तास पडून होता तो माझ्या इनबॉक्समध्ये. शनिवारची आणि रविवारची, त्या दोन गोळ्या मला थांबवता आल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात मी एक वही केली आणि सात दिवस येणारा प्रत्येक मेल मोजला. तुम्हीही एकदा करून बघा, डोळे उघडतात. सात दिवसांत ६११ मेल. त्यातले पेशंटशी संबंधित ११२. आणि त्याच दिवशी काहीतरी करायलाच हवं होतं असे फक्त ७. बाकीच्यांत औषध कंपन्यांची पत्रकं, परिषदांची निमंत्रणं, विमा कंपन्यांच्या शंका, हॉस्पिटलच्या समित्यांची इतिवृत्तं. एका सहकाऱ्याला पुरस्कार मिळाला होता, त्याला ‘अभिनंदन सर’ म्हणणारे ३४ मेल, प्रत्येकानं सर्वांना पाठवलेले. शिवाय मला ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणून लेख मागणारी कुठली कुठली नियतकालिकं. एमडीच्या प्रबंधानंतर मी संशोधनाची एक ओळही लिहिलेली नाही, पण त्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

६११ मध्ये ७. आणि त्या सातांचा चेहरा बाकीच्यांपेक्षा जराही वेगळा नाही. माझ्या मते इथेच घोडं पेंड खातं. मेल खूप येतात ही तक्रार सगळेच करतात, मीही करत होते. पण ओपीडीतही खूप माणसं येतात आणि तिथे असा घोटाळा होत नाही. का होत नाही? आमच्या रिसेप्शनवर वीस वर्षं काम करणाऱ्या एक ताई आहेत. दारातून कुणी घामाघूम होऊन, छातीवर हात ठेवून आत आलं तर त्या नंबर विचारत नाहीत, थेट माझ्या खोलीत आणतात. औषधाचे नमुने घेऊन आलेल्या प्रतिनिधीला मात्र दीड वाजेपर्यंत बाकावर बसवतात. याला आमच्या भाषेत ट्रायाज म्हणतात. कोण आधी आलं यापेक्षा कुणाला आधी बघायला हवं, हे ठरवणं. ही पद्धत बसवणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्यातल्या डॉमिनिक लॅरे या शल्यचिकित्सकाचं नाव घेतात. जखमी सैनिकाचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे ते बघून तो क्रम लावत असे. आज प्रत्येक कॅज्युअल्टीत हेच चालतं. माझ्या इनबॉक्सच्या दारात मात्र कुणीच बसलेलं नव्हतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा मी एमडी करत होते. वॉर्डात रिपोर्ट कागदावर यायचे. गंभीर आकडा असला की खाली लाल शाईची रेघ, आणि फारच गंभीर असला तर लॅबमधला तंत्रज्ञ स्वतः जिना चढून यायचा आणि कागद हातात द्यायचा. जुनं ते सगळं सोनं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. कागद हरवायचे, भिजायचे, भलत्याच्या फाइलला लागायचे. पण तातडीच्या कागदाची चालच वेगळी असायची. मेलमध्ये सगळे एकाच चालीनं येतात.

काकांच्या प्रसंगानंतर मी आधी जे केलं ते चुकीचं होतं. तेही सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेच करत असणार. मी फोनवर प्रत्येक मेलची सूचना सुरू केली, आवाजासकट. आता एकही सुटणार नाही! पण दर थोड्या वेळानं टुंग. पोट तपासताना टुंग, कुणी रडत असताना टुंग. दहाव्या दिवशी एक आजी आपलं दुखणं सांगता सांगता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “बघून घ्या बाई तुमचं आधी, मी थांबते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातही गंमत अशी, की तोवर टुंगचा उपयोगही संपला होता. आयसीयूमध्ये मॉनिटर दिवसभर वाजत असतात आणि त्यातले बरेच अलार्म बिनमहत्त्वाचे असतात. पेशंटनं हात हलवला, वायर सुटली, वाजला अलार्म. काही दिवसांनी माणसाचा कान त्याला सरावतो आणि खरा अलार्मही कानाआड होतो. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहेच.

मग इनबॉक्स रोज रिकामा करण्याचा नाद लागला. चौदा फोल्डर केले. रात्री अकरापर्यंत बसून मेल इकडून तिकडे टाकत होते. तीन आठवड्यांत कंबर धरली आणि कुठला मेल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला हे शोधण्याचं नवं काम लागलं. त्यात मी जितक्या लवकर उत्तरं देई, तितक्या लवकर त्या उत्तरांची उत्तरं येत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

शेवटी जे उपयोगी पडलं ते फार साधं आहे. रिपोर्टसाठी मी वेगळा मेलपत्ता काढला. तो फक्त लॅबना आणि नियमित तपासण्या करणाऱ्या पेशंटना दिला आहे. परिषदा, बँका, कंपन्या यांना तो माहीतच नाही. हा मेल दिवसातून तीन वेळा उघडला जातो, दुपारी साडेबाराला, संध्याकाळी पाचला आणि ओपीडी संपल्यावर. सुट्टीच्या दिवशीही, आणि मी गावाला गेले तर माझ्या जागी बघणाऱ्या डॉक्टरांनी तो उघडायचा असतो. आमच्या ताईंना मी एक तक्ता करून दिला आहे. आयएनआर इतक्याच्या वर, पोटॅशियम इतक्याच्या वर किंवा खाली, शुगर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट. त्यातला आकडा दिसला की मी पेशंट तपासत असले तरी दार वाजवायचं. त्यांनी अर्थ लावायचा नाही, फक्त दार वाजवायचं. ताई रिपोर्ट बघतात हे पेशंटना आधी सांगून त्यांची परवानगी घेतलेली असते. आणि लॅबना लेखी कळवलं आहे की तक्त्यातला आकडा मेलवर पाठवून काम संपत नाही, फोन करायचा आणि फोन कुणी घेतला त्याचं नाव लिहून ठेवायचं. एका लॅबनं कुरकुर केली. तिथे मी आता पेशंट पाठवत नाही.

माझा नेहमीचा मेल मी दिवसातून दोनदा बघते. त्याच्या सूचना बंद आहेत. नको असलेल्या पत्रकांची नावनोंदणी रद्द करायला एक रविवार गेला, तो सत्कारणी लागला. पहिले काही दिवस हात सारखा फोनकडे जायचा. तंबाखू सोडणाऱ्यांचा हात खिशाकडे जातो ना, तसाच. त्या लोकांना मी इतकी वर्षं किती सहज उपदेश करत होते!

हे फक्त डॉक्टरांचं दुखणं नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत टीम सांभाळणारा ३८ वर्षांचा एक पेशंट माझ्याकडे धडधड होते म्हणून आला. ईसीजी, थायरॉइड ठीक होतं. बीपी मात्र १५२/९६. दवाखान्यात घाबरून वाढलं असेल म्हणून त्याला चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावलं. दंडाला पट्टा असतो आणि तो दिवसा वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासानं आपोआप फुगतो. सोबत डायरी दिली, काय करत होतात ते लिहा म्हणून. दिवसाची सरासरी १४१/९० आली, रात्रीची १२८/८०. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसाच्या मानानं साधारण १० ते २० टक्के खाली येतं. याचं तितकं येत नव्हतं. आणि रात्री दीड वाजता एक आकडा होता १६४/१०२. डायरीत समोर लिहिलेलं होतं, ‘क्लायंटचा मेल’.

क्लायंट अमेरिकेत, त्यांच्या दुपारी याची मध्यरात्र. फोन उशाशी. मी विचारलं, “त्या मेलला तेव्हाच उत्तर देणं गरजेचं होतं का?” तो जरा विचार करून म्हणाला, “नाही. त्यांनी सोमवारपर्यंत मागितलं होतं.”

आता नीट ऐका. मेलमुळे बीपी होतं असं मी म्हणत नाहीये. त्याच्या वडिलांना बीपी होतं, याचं वजन बारा किलो जास्त, डब्यात लोणचं आणि पापड रोजचे. गोळी सुरू करावीच लागली. पण झोप तुटणं, रात्री उठून कामाचं वाचणं, त्यानंतर तासभर छताकडे बघत पडणं हे बीपीच्या पेशंटला परवडणारं नाही. मेल वाचताना तुम्ही श्वास रोखून धरता का, हे एकदा स्वतःच तपासा. लिंडा स्टोन या अमेरिकी लेखिकेनं २००८ मध्ये याला ‘ई-मेल ॲप्निया’ असं नाव दिलं. हे वैद्यकीय निदान नव्हे, निरीक्षण आहे, पण मी स्वतःवर करून पाहिलं आणि मला ते पटलं.

त्याला मी दोन अभ्यास सांगितले, कारण इंजिनिअर माणसाला आकडे लागतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ नोकरदारांचा मेल पाच दिवस पूर्ण बंद ठेवला आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. मेल नसताना ते एका कामात जास्त वेळ टिकले आणि ठोक्यांवरून मोजलेला ताण कमी दिसला. माणसं थोडी होती, म्हणून फार मोठा निष्कर्ष काढू नये. दुसरा अभ्यास २०१५ चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा. १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात ताण कमी होता. मेल तितकेच येत होते, बघण्याच्या वेळा बदलल्या, एवढंच.

“मॅडम, तीनदा बघितला तर माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला. बरोबर आहे. माझ्या खुर्चीत बसून हे सांगणं सोपं आहे, दवाखाना माझा आहे. त्याला वरिष्ठ आहेत, वरिष्ठांना वरिष्ठ आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झालेला नाही. तेव्हा जे हातात आहे तेच करायचं. त्यानं आपल्या टीमशी आणि वरिष्ठांशी बोलून एक गोष्ट ठरवून घेतली: रात्री दहानंतर खरोखर काही पेटलं असेल तर फोन करा, मेल नको. ज्यात त्याचं नाव नुसतंच प्रत म्हणून घातलेलं असतं ते मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतील अशी सोय केली, ते तो संध्याकाळी एकदा बघतो. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावतो आणि गजरासाठी जुनं घड्याळ काढलं. पहिल्या महिन्यात मी मुद्दाम विचारलं, रात्री किती फोन आले? एक. तोही चुकून लागलेला.

तीन महिन्यांनी पुन्हा यंत्र लावलं. दिवसा १२८/८०, रात्री ११४/६८. यात गोळीचं श्रेय किती, पाच किलो घटलेल्या वजनाचं किती आणि मेलचं किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. धडधड मात्र गेली. कुणी हे वाचून गोळी सोडून नुसता फोन हॉलमध्ये ठेवायला लागेल, तर कृपा करून तसं करू नका.

आणि आता तुमच्याशी, पेशंट म्हणून. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हापासून मेलवरून सल्ला घेणं नियमात बसलं आणि आमच्याकडे येणारे मेलही वाढले. ते चांगलंच आहे, लांबच्या माणसाची खेप वाचते. पण रिपोर्ट पाठवला म्हणजे डॉक्टरांनी पाहिला, असं समजू नका. डॉक्टर काही बोलले नाहीत म्हणजे नॉर्मल आहे, असं तर मुळीच समजू नका. रक्त देतानाच विचारा, रिपोर्ट कधी येणार, कोण बघणार आणि मला कोण कळवणार. ठरलेल्या वेळेपर्यंत कळलं नाही तर फोन करा. त्रास दिल्यासारखं वाटून घेऊ नका. रिपोर्टवर तुमच्या आकड्याशेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते, ती स्वतःही बघायला शिका. वॉर्फरिनवाल्यांना ती छापील मर्यादा लागू नसते, तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि दातांच्या डॉक्टरांसकट प्रत्येक डॉक्टरला तो कागद दाखवा.

मेल करायचाच तर विषयाच्या जागी ‘रिपोर्ट’ किंवा ‘नमस्कार मॅडम’ लिहू नका. नाव, वय, कशाची तपासणी, आकडा आणि तुमचा प्रश्न, एवढं तिथेच लिहा. एका मेलमध्ये एकाच माणसाचं. सासूबाईंची शुगर आणि मुलाचा खोकला एकत्र आले की एक नक्की राहून जातं. फोटो सरळ काढा, कागदावरचं नाव आणि तारीख दिसू द्या. आणि छातीत दुखणं, दम लागणं, हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल तर मेल नाही, व्हॉट्सॲप नाही. १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलला निघा. माझ्या मेलला आपोआप जाणारं जे उत्तर आहे त्यात पहिली ओळ हीच आहे.

काका अजून माझ्याकडे येतात. त्यांच्या मुलानं त्यांना मेल करायला शिकवलं आणि शिक्षकच ते, नियम त्यांनी माझ्यापेक्षा कडक पाळला. परवा दुपारच्या फेरीत त्यांचा मेल होता. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘आयएनआर २.६, वय ६३, रक्तस्राव नाही, नवीन औषध नाही, गोळी तीच ठेवू का?’ मेलच्या आत काहीच नव्हतं, फक्त रिपोर्टचा फोटो. ताईंना दार वाजवावं लागलं नाही. मी उत्तर पाठवलं, तीच ठेवा, पुढची तपासणी महिन्यानं. दोन मिनिटांनी त्यांचा फोन आला, उत्तर मिळालं हे कळवायला.